मात्सुएत जेवायचं कसं: शिंजी सरोवराकाठच्या खाण्याचा सविस्तर मार्गदर्शक

तोक्यो, क्योतो, ओसाका करून परतणाऱ्या मराठी प्रवाशांच्या यादीत मात्सुए सहसा नसतं. शिमाने प्रांताची ही राजधानी होन्शू बेटाच्या पश्चिम भागात, जपान समुद्राच्या बाजूला आहे आणि तिथवर शिंकान्सेन जात नाही. ओकायामाला उतरायचं आणि ‘याकुमो’ एक्स्प्रेसने अडीच तास डोंगर ओलांडायचे. दुसरा, जास्त मजेचा मार्ग म्हणजे तोक्योहून रात्री सुटणारी ‘सनराइझ इझुमो’ ही शयनयान गाडी. ती सकाळी साडेनऊच्या सुमारास मात्सुएला सोडते, म्हणजे सामान ठेवून थेट दुपारच्या जेवणाला जाता येतं.

शहर दोन पाणसाठ्यांच्या मध्ये वसलंय. पश्चिमेला शिंजी सरोवर, पूर्वेला नाकाउमी, आणि दोघांना जोडणारी ओहाशी नदी शहराच्या मधून वाहते. सुमारे ७९ चौरस किलोमीटरचं शिंजी हे जपानमधलं सातव्या क्रमांकाचं सरोवर. खोली फार नाही, सरासरी साडेचार मीटर. त्याचं पाणी मचूळ आहे, समुद्राच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकं खारट. त्यामुळे गोड्या पाण्यातला कार्प आणि समुद्रातून आत शिरणारा सुझुकी मासा एकाच सरोवरात मिळतात. मात्सुएचं खाणं या मचूळ पाण्यावर उभं आहे. ते लक्षात ठेवून जेवणं आखली तर इथे दोन दिवस फार चांगले जातात.

पहिली पायरी: महिना बघून यादी करा

मात्सुएच्या प्रत्येक पर्यटन-पत्रकात ‘शिंजी सरोवराची सात रत्नं’ भेटतील. नावं अशी: सुझुकी (समुद्री बास), मोरोगेएबी (कोळंबी), उनागी (ईल, आपल्याकडची वाम तिच्याच वळणाची), आमासागी (बोटभर लांबीचा चंदेरी मासा, इतरत्र याला वाकासागी म्हणतात), शिराउओ (पारदर्शक, काडीसारखा मासा), कोई (कार्प) आणि शिजिमी (छोटे काळे शिंपले). स्थानिक लोक ही यादी ‘सु-मोऽ-आशी-कोशी’ अशी पाठ करतात. म्हणजे सुमो पैलवानाचे पाय आणि कंबर, आणि त्यात सातही नावांची आद्याक्षरं बसतात.

ही यादी वाचून सातही पदार्थ एका बैठकीत खायचा मोह होतो. तो टाळा. एक तर सातांचे हंगाम वेगवेगळे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: सगळीच रत्नं आता सरोवरात पूर्वीसारखी उरलेली नाहीत. आमासागीचंच बघा. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने या माशाच्या घसरणीचा संबंध १९९३ पासून आसपासच्या भातशेतीत वापरल्या जाणाऱ्या निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांशी जोडला. पाण्यातले बारीक जीव घटले आणि त्यांच्यावर जगणारा मासा उपाशी पडला. वर्षाला २४० टन मिळणारा मासा एका झटक्यात २२ टनांवर आला. ईलच्या उत्पन्नालाही तेव्हाच फटका बसला. जपानी ईल तर २०१४ पासून आंतरराष्ट्रीय यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे. तेव्हा ताटात आमासागी किंवा उनागी आली तर ती याच सरोवरातली असेल असं गृहीत धरू नका. सरळ विचारा. इथले दुकानदार या प्रश्नाचं उत्तर लपवत नाहीत.

मग काय खायचं? ढोबळ हिशोब असा ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मात्सुएचा खरा खाण्याचा काळ. सुझुकी तेव्हा चरबीने भरलेला असतो, कोई चांगला असतो, हिवाळा सरता सरता शिराउओ सुरू होतो. समुद्राकडून मात्सुबा खेकडा येतो, त्याचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चपर्यंत. फक्त थंडी, भुरभुर बर्फ आणि सतत ढगाळ आभाळ यांची तयारी ठेवा.

वसंतात जपान समुद्रातल्या ओकी बेटांवरची खडकावरची मोठी कालवं येतात. जून-जुलैत ‘आगो’ म्हणजे उडणारा मासा, जो शिमानेचा अधिकृत प्रांतिक मासा आहे. ऐन उन्हाळ्यात शिजिमी आणि उनागी. सप्टेंबरपासून मोरोगेएबी, अख्खी तळलेली, सालासकट कुरकुरीत.

शिजिमी आणि सोबा नावाच्या शेवया बाराही महिने मिळतात, त्यामुळे कोणत्याही महिन्यात गेलात तरी हात हलवत परत यायची वेळ येत नाही.

दुसरी पायरी: दोन जेवणं आधी बुक करा, बाकीची सोडून द्या

दोन मुक्काम धरले तर सकाळ, दुपार, संध्याकाळ मिळून पाच-सहा जेवणं होतात. त्यातली दोनच आधी ठरवावीत. एक रात्रीचं इझाकायातलं (मद्य आणि छोट्या छोट्या पदार्थांचं दुकान) आणि एक नीट बसून करायचं पारंपरिक जेवण. छोट्या इझाकायात आठ-दहा खुर्च्या असतात आणि शुक्रवार-शनिवारी त्या ऑफिसच्या मंडळींनी भरतात. रविवारी बरीच दुकानं बंदच असतात, सोबावाल्यांचे सुट्टीचे वार तर प्रत्येकाचे वेगळे. म्हणून शनिवार-रविवारला मात्सुए गाठण्यापेक्षा सोमवार ते गुरुवारमधले दोन दिवस निवडा.

फोनवर जपानी बोलणं जमणार नसेल तर हॉटेलच्या काउंटरवर सांगा. ‘योयाकु ओनेगाइशिमास्’ (बुकिंग करून द्याल का) एवढं पुरतं. किती माणसं, किती वाजता, काय खात नाही, हे कागदावर लिहून द्या. ‘काय खात नाही’ हे बुकिंगच्या वेळीच सांगायचं असतं. जपानी स्वयंपाकघरात ऐन वेळी बदल मागणं त्यांना खरोखर जड जातं आणि बहुतेकदा नम्र नकार मिळतो.

बुकिंग केल्यावर न जाणं तिथे मोठं असभ्य मानलं जातं. छोट्या दुकानाने त्या दिवशीचा मासा तुमच्या नावाने आणलेला असतो. बेत बदलला तर आदल्या दिवशीच कळवा.

तिसरी पायरी: सकाळ शिजिमीची

सकाळी लवकर उठून सरोवराच्या काठावर किंवा ओहाशी नदीवरच्या पुलावर जा. छोट्या होड्या आणि लांब दांडा धरून वाकलेले मच्छीमार दिसतील. दांड्याच्या टोकाला ‘जोरेन’ नावाची लोखंडी दात्यांची टोपली असते. ती तळावरून ओढायची, गाळ आणि बारीक शिंपले जाळीतून गळून जातात, मोठे उरतात. कोकणात खाडीत उतरून तिसऱ्या काढणाऱ्यांना पाहिलेल्या माणसाला हे काम ओळखीचं वाटेल, फक्त इथे शिस्त कमालीची कडक. मच्छीमार संस्थेने स्वतःवरच बंधनं घालून घेतली आहेत: आठवड्यातले चारच दिवस, सकाळचे ठरावीक तास, माणशी ठरावीक पेट्या. बुधवार, शनिवार, रविवार होड्या निघत नाहीत. होड्या बघायच्या असतील तर वार लक्षात ठेवा.

हे शिंपले आज ताटात आहेत यामागे एक फसलेली सरकारी योजना आहे. नाकाउमी आणि शिंजी यांचं पाणी बांध घालून गोडं करायचं आणि शेतीला वापरायचं, असा प्रकल्प १९६३ मध्ये सुरू झाला होता. पाणी गोडं झालं असतं तर मचूळ पाण्यात वाढणारी यामातो शिजिमी संपली असती. मच्छीमार आणि शहरातले लोक विरोधात उभे राहिले, १९८८ मध्ये गोडं पाणी करण्याचं काम थांबवलं गेलं आणि २००२ मध्ये ते अधिकृतपणे रद्द झालं. वाटीभर सूप पिताना हे माहीत असलेलं बरं.

खायचं कसं? बहुतेक हॉटेलांच्या नाश्त्यात शिजिमीचं मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेलं सूप असतंच. वाटीचं झाकण काढा, उलटं करून बाजूला ठेवा, रिकामे शिंपले त्यात टाका. आतलं मांस नखाएवढं असतं. ते खावं की नुसतं सूप प्यावं यावर जपानी लोकांतच मतभेद आहेत. मी म्हणेन पहिले काही खा, मग सूप गरम असेपर्यंत पिऊन टाका. चव सगळी पाण्यात उतरलेली असते. मिसोऐवजी नुसत्या मिठाचं ‘सुइमोनो’ मिळालं तर ते आधी निवडा, कारण मिसोच्या जाडसर चवीखाली शिजिमीची चव दबते. रात्री प्यायलेल्यांना सकाळी हे सूप द्यायची जुनी पद्धत आहे, यकृताला बरं असं तिथे मानतात.

तांदूळही बघा. या भागात ओकुइझुमोच्या डोंगरातला ‘निता’ तांदूळ नावाजलेला आहे. नाश्त्याला तो असेल तर भात जरा जास्तच मागून घ्या.

चौथी पायरी: दुपारी सोबा, तीन मजली

सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. इवातेची वांको, नागानोची तोगाकुशी आणि इथली इझुमो (या भागाचं जुनं नाव) अशा तीन सोबा जपानमध्ये सर्वांत नावाजलेल्या मानतात. इझुमो सोबाचा रंग काळपट असतो, कारण इथे दाणा टरफलासकट दळतात. त्यामुळे वास दणकट आणि शेवई जराशी खरखरीत लागते. तोक्योच्या गुळगुळीत पांढुरक्या सोबाची सवय असलेल्यांना पहिला घास गावठी वाटतो. तोच तिचा गुण आहे.

१६३८ मध्ये मात्सुदाइरा नाओमासा हा सरदार शिन्शूमधल्या (आजचं नागानो) मात्सुमोतोहून मात्सुएला बदलून आला आणि सोबा करणारे कारागीर बरोबर घेऊन आला, असं इथे सांगतात. पुढे लोक सहलीला सोबा डब्यात भरून नेऊ लागले. ते डबे आधी चौकोनी होते. कोपरे नीट धुतले जात नाहीत म्हणून नंतर गोल झाले. आज ‘वारिगो सोबा’ मागवली की लाखेच्या लाल-काळ्या गोल डब्यांचा तीन मजली मनोरा येतो.

खाण्याची पद्धत इतर जपानपेक्षा वेगळी आहे, आणि इथेच नवखी माणसं गोंधळतात. इतरत्र सोबा उचलून वाटीतल्या रसात बुडवतात. इथे रस, म्हणजे ‘त्सुयु’, थेट डब्यात ओततात. क्रम असा:

सगळ्यात वरचा डबा समोर घ्या. कांद्याची पात, नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), सुक्या बोनितो माशाचा कीस आणि मिरची घातलेला मुळ्याचा कीस (‘मोमिजी ओरोशी’) यांपैकी हवं ते थोडं घाला. त्सुयु हात राखून ओता, तो बराच तीव्र असतो. खा. डबा संपला की तळाशी उरलेला रस दुसऱ्या डब्यात ओता, मसाला पुन्हा घाला, कमी वाटला तरच नवा रस घ्या. तिसऱ्यालाही तसंच. शेवया ओढताना आवाज झाला तरी चालतो, तिथे तो होतोच.

शेवटी एका किटलीत पांढुरकं गरम पाणी येईल. ते ‘सोबायु’, शेवया उकडलेलं पाणी. उरलेल्या त्सुयुत ते मिसळून प्यायचं. हात धुवायचं पाणी नव्हे!

थंडीत ‘कामाआगे’ मागवा. यात शेवया थंड पाण्यात न धुता उकळत्या पाण्यासकट वाडग्यात येतात, रस आपल्या अंदाजाने घालायचा. जुन्या पंचांगातल्या दहाव्या महिन्यात देशभरातले देव शेजारच्या इझुमोच्या मोठ्या देवळात जमतात अशी श्रद्धा आहे. त्या उत्सवात देवळाबाहेरच्या टपऱ्यांवर ही गरम सोबा विकली जात असे. माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी वारिगो, दुसऱ्या दिवशी कामाआगे. जागेचा विचार केला तर मात्सुए किल्ल्याच्या खंदकाकाठी, शिओमी नावाते या जुन्या सामुराई रस्त्यावर, ‘याकुमो-आन’ हे बाग असलेलं प्रसिद्ध दुकान आहे. तिथे बदकाच्या मांसाची गरम सोबाही नावाजलेली. पण गर्दी टाळायची असेल तर कुठल्याही गल्लीतलं, दुपारी पीठ संपलं की दार लावून घेणारं छोटं दुकान चालेल. अकरा-साडेअकराला पोचा. एक वाजता गेलात तर ‘उरिकिरे’ (संपलं) ही पाटी दिसण्याची तयारी ठेवा. तीन डब्यांना साधारण हजार येनच्या आसपास पडतात आणि जास्तीचा एखादा डबा सुटा मागवता येतो.

एक सूचना गंभीरपणे घ्या. कुट्टूची ॲलर्जी काही जणांना फार तीव्र असते आणि सोबाच्या दुकानात पीठ हवेतही असतं. घरात कुणाला ती असेल तर या दुकानात पाऊलच नको.

पाचवी पायरी: दुपारचा चहा चुकवू नका

मात्सुए संस्थानाचा सातवा सरदार मात्सुदाइरा हारुसातो (१७५१–१८१८) ‘फुमाइ’ या नावाने चहाचा मोठा जाणकार म्हणून ओळखला जातो. त्याच्यामुळे हे शहर क्योतो आणि कानाझावाच्या बरोबरीने मिठायांचं शहर मानलं जातं. सामान्य घरांतही दुपारी माच्चा (हिरव्या चहाची पूड) घुसळून पितात, सोहळा न करता.

१७७९ मध्ये बांधलेलं ‘मेइमेइ-आन’ हे गवती छपराचं चहाघर किल्ल्याजवळच्या टेकाडावर आहे. तिथे माच्चाबरोबर स्थानिक मिठाई मिळते. तीन नावं लक्षात ठेवा: ‘वाकाकुसा’ (मऊ तांदळाच्या मिठाईवर हिरवं पीठ), ‘यामाकावा’ (लाल-पांढरी, जिभेवर विरघळणारी दाबलेली साखर) आणि ‘नातानेनोसातो’ (मोहरीच्या शेतासारखी पिवळी). मिठाई आधी खायची, चहा मागून. वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि चहा तीन-चार घोटांत संपवला की झालं. बाकी नियम माहीत नसले तरी कुणी तोंड वाकडं करत नाही.

वेगळं काही हवं असेल तर ‘बोतेबोते-चा’ शोधा. वाळवलेल्या चहाच्या फुलांसकट उकळलेला साधा चहा लांब घुसळणीने फेसाळतात आणि त्यात चिकट भात, काळी सोयाबीन, मुळ्याचं लोणचं असं थोडं थोडं टाकतात. चमचा-काड्या न वापरता वाडग्याला खालून टकटक करत सगळं तोंडात सोडायचं. चव फार थोर नाही, मजा मात्र आहे.

सहावी पायरी: संध्याकाळी इझाकाया

आधी सूर्यास्त बघून घ्या. सरोवरकाठचं शिमाने कला संग्रहालय मार्च ते सप्टेंबर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होतं, वेळ मुद्दाम अशी ठेवली आहे. तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांत जेवणाच्या गल्ल्या येतात. स्टेशनजवळचं इसेमिया-चो जास्त गजबजलेलं, नदीपलीकडचं हिगाशी-होन्माची जरा शांत आणि जुनं. मी नदीपलीकडे जाईन.

दारावर कापडी ‘नोरेन’ लटकत असेल तर दुकान चालू आहे. दार सरकवा, आत पाऊल टाकून थांबा, बोटांनी माणसं किती ते दाखवा. जागा असेल तर काउंटर मागा. समोर मासा कापताना दिसतो, आणि शेजारच्या ताटाकडे बोट दाखवून ‘कोरे’ (हे) म्हणता येतं. उंचवट्यावर चटई असेल तर बूट काढायचे, भोक नसलेले मोजे घालून जा.

बसल्याबरोबर न मागता एक वाटीभर काहीतरी येईल. ते ‘ओतोशी’. साधारण तीनशे ते पाचशे येन, बिलात लागतंच. फसवणूक नाही, बसायचं भाडं समजा. ओला गरम टॉवेल हात पुसायला, तोंड पुसायला नव्हे.

मेन्यू बहुधा कुंचल्याने लिहिलेला असतो आणि फोनमधलं भाषांतर त्याच्यापुढे हात टेकतं. अशा वेळी दोन वाक्यं कामाला येतात. ‘शिंजीको नो मोनो वा आरिमास् का?’ म्हणजे सरोवरातलं काही आहे का. आणि ‘क्योऽ नो ओसुसुमे वा?’ म्हणजे आज काय चांगलं आहे. उत्तर कळलं नाही तरी मान डोलवा आणि मागवा. याच प्रश्नांमुळे छापील यादीबाहेरची, त्या दिवशीची चीज मिळते.

मागवायचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा कच्च्या माशाचं ताट, दोघांत एक. त्यात ‘नोदोगुरो’ असेल तर घ्या. समुद्रातला हा लालसर, काळ्या घशाचा मासा चरबीसाठी प्रसिद्ध आणि महाग आहे, पण तोक्योपेक्षा इथे परवडतो. त्याहून सुंदर लागतो मीठ लावून भाजलेला. मग शिजिमी, यावेळी ‘साकामुशी’ म्हणजे साकेच्या (तांदळाचं मद्य) वाफेवर उकडलेली. हंगाम असेल तर तळलेली मोरोगेएबी. मग ‘आगो नोयाकी’: उडणाऱ्या माशाचं मांस कुटून, स्थानिक गोडसर ‘जिदेन्शू’ साके घालून, काठीवर थापून भाजलेला जाडजूड नळा. जाड चकत्या कापून तशाच खायच्या.

ओदेनची गाडी किंवा दुकान दिसलं तर तिथे थांबाच. मात्सुएचे लोक ते वर्षभर खातात. मुळा, अंडं, नोयाकी रसात मुरलेली असतात, पण इथली खासियत म्हणजे शुंगिकूसारखी हिरवी पालेभाजी. ती मागितल्यावरच रसात बुडवतात आणि लगेच काढतात. तिखटाची आठवण येऊन जीव कासावीस झाला तर ‘आकातेन’ मागवा. शिमानेच्या पश्चिम भागातल्या हामादा शहराचं हे लाल मिरची घातलेलं माशाचं तळलेलं कटलेट आहे. शिमाने आणि ओकीचं गोमांसही नावाजलेलं आहे. खात नसाल तर ‘ग्यूनिकु’ हा शब्द कानावर आला की नाही म्हणा.

पिणाऱ्यांसाठी: ‘जिझाके’ म्हणजे स्थानिक साके मागा. मात्सुएतलीच दोन नावं ‘रिहाकु’ आणि ‘तोयोनोआकी’. रिहाकु हे नाव चिनी कवी ली बाइवरून, आणि ते दिलं मात्सुएत जन्मलेल्या व पुढे पंतप्रधान झालेल्या वाकात्सुकी रेइजिरो यांनी. सुझुकी आणि नोदोगुरोबरोबर कोरडी साके बरी, नोयाकीबरोबर कोमट केलेली. दुसऱ्याचा प्याला आपण भरायचा, आपला त्याने.

सातवी पायरी: एक जेवण नीट बसून

हिवाळ्यात गेलात तर हे जेवण ‘सुझुकी नो होऽशोयाकी’चं असू द्या. अख्खा सुझुकी जाड होऽशो कागदात गुंडाळून भाजतात. गोष्ट अशी सांगतात की मच्छीमार शेकोटीच्या राखेत मासा भाजत होते, फुमाइने तो मागितला, आणि राख लागलेला मासा सरदाराला कसा द्यायचा म्हणून त्यांनी तो कागदात गुंडाळला. खरं-खोटं राहू द्या. कागद फाडताना येणारा वास आणि वाफेत शिजलेलं पांढरं मांस यांच्यासाठी पैसे मोजावेत. हे बहुतेक ठिकाणी आधी सांगून ठेवावं लागतं.

इतर हंगामात ‘ताइमेशी’ घ्या. १८८८ पासून चालू असलेल्या, सरोवरकाठच्या ‘मिनामी-कान’ या निवासगृहाचा हा पदार्थ. भातावर ताइ (सी ब्रीम) माशाचा चुरा, चाळलेलं पिवळं आणि पांढरं अंडं, मुळ्याचा कीस, नोरी, वासाबी असं थोडं थोडं पसरायचं आणि वरून गरम रस ओतायचा. सगळं एकदम घालू नका, दोन-तीन वाट्यांत वाटून घ्या म्हणजे प्रत्येक वाटी वेगळी लागते. दुपारचा बेत रात्रीपेक्षा बराच स्वस्त पडतो, तरी काही हजार येन धरून चाला. ‘कोई नो इतोझुकुरी’, म्हणजे कच्च्या कार्पचे धाग्यासारखे काप त्याच माशाच्या अंड्यांत घोळवलेले, हे फक्त धाडसी आणि कच्चं खाण्याची सवय असलेल्यांसाठी. मी सोडून देईन.

शाकाहारी असाल तर

स्पष्टच सांगतो: मात्सुए शाकाहाऱ्यांसाठी अवघड आहे. मासा ताटात दिसत नसला तरी रसात असतो. सोबाचा त्सुयु, मिसो सूप, ओदेनचा रस, भाज्यांची परतणी, सगळ्यांच्या मुळाशी ‘दाशी’ असतो आणि तो बोनितो किंवा इतर सुक्या माशांपासून होतो. ‘निकु नाशी’ (मांस नको) म्हटलं तर मासा येतोच. म्हणून हे वाक्य फोनवर जपानीत लिहून ठेवा: मी मांस, मासे, शिंपले आणि माशाची दाशीसुद्धा खात नाही. उच्चार: ‘निकु, साकाना, काइ, साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन.’

तरी उपाय आहेत. सोबाच्या दुकानात नुसत्या शेवया, कांद्याची पात आणि मुळा मागा, सोया सॉस मागून घ्या. बोनितोचा कीस नको हे ‘कात्सुओबुशी नुकि दे’ म्हणून सांगा. थंड तोफू (‘हियायाक्को’) त्याच वाक्यासह चालतो. साधा भात सगळीकडे मिळतो, आणि हिवाळ्यात लोणच्यात ‘त्सुदा काबु’ हा लालसर, वळणदार सलगम असतो. ही लोणची मात्र दाशी नसल्याची खात्री करूनच घ्या. मिठाया बहुतांशी तांदूळ, डाळ आणि साखरेच्या असतात, चहाघरात निवांत बसा. आणि बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी नेलीत तर निता तांदळाच्या गरम भातावर त्याची मजा काही औरच. फक्त ते हॉटेलच्या खोलीत. बाहेरचं खाणं उपाहारगृहात उघडणं तिथे वाईट दिसतं.

बिल आणि निघण्याआधीची खरेदी

बिल मागायला ‘ओकान्जोऽ ओनेगाइशिमास्’. पैसे बहुधा दाराजवळच्या काउंटरवर द्यायचे, छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. टिप द्यायची नाही, ठेवून आलात तर मागे धावत येऊन परत देतात. छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही, म्हणून दहा हजार येन रोख खिशात असू द्या. शेवटची ऑर्डर बंद होण्याच्या अर्धा-एक तास आधी घेतात, आणि रात्री नवानंतर बसेस विरळ होतात. स्टेशन ते किल्ला अंतर दोन किलोमीटर, जेवणानंतर चालायला चांगलं. निघताना ‘गोचिसोऽसामा देशिता’ म्हणायला विसरू नका, काउंटरमागून खुशीचं उत्तर येतं.

घरी न्यायला काय घ्यावं? आगो नोयाकी लवकर खराब होते, ती प्रवासात त्याच दिवशी संपवायची. शिजिमी हवाबंद पाकिटात शिजवलेली, किंवा नुसत्या सूपच्या पुड्यांत मिळते, ती टिकते. वाकाकुसा काही दिवसच टिकते, यामाकावा आणि नातानेनोसातोला जास्त मुदत असते, तरी डब्यावरची तारीख बघूनच घ्या. वाळवलेली सोबा वजनाला हलकी आणि घरी करायला सोपी. त्सुयुची बाटली घेतलीत तर ती विमानात हातातल्या बॅगेत चालणार नाही, मोठ्या सामानात कपड्यांत गुंडाळून ठेवा.